डिझेलच्या कार्डावरचं विमान

४ जानेवारी

ह्यांच्या डिझेलच्या कार्डवाल्यांचा फोन आला. "मॅडम, मिस्टरांचे पॉइंट्स तुमच्या नावावर झालेत. मार्चअखेर वापरा, नाहीतर जातील." मुलगी भराभर सांगत सुटली — कुकर, ट्रॉली बॅग, टीव्ही. मी विचारलं, "ते उलटं होणारं विमान आहे का अजून?" तिने यादी चाळली. मग म्हणाली, "आहे. पण सगळे पॉइंट्स त्यातच जातील."

जाऊ देत.

५ जानेवारी

देवगडचा आंबा टेम्पोने वाशीला पोचवताना जे डिझेल जळलं, त्याचे हे पॉइंट्स. हे मोबाइलवर चित्र दाखवायचे. दोन माणसांचं विमान, आकाशात कोलांटी घेणारं. "बघ गो, कसा उलटा होता!" कधी जाणार विचारलं की, "आंबो संपांदे, मगे जातलंय." आंबा संपेपर्यंत पाऊस यायचा आणि पावसात विमान बंद! आंब्याचा आणि उडायचा हंगाम एकच. दर वर्षी आम्हाला हे नव्याने कळायचं.

गेल्या एप्रिलात पेट्या भरता भरता गेले. टेम्पो निम्मा भरला होता.

९ जानेवारी

मुंबईहून सुशांतचा फोन. "आई, टीव्ही घे. तुला एसटीत चक्कर येते!" खरं आहे. कट्ट्याच्या बाजाराला जातानासुद्धा मला हातात लिंबू लागतं. पण सून मागून ओरडली, "जाऊ द्या की त्यांना!"

शेजारच्या लक्ष्मीला वेगळीच काळजी. "गो बाय, तू उलटी झालंस तर लुगडा खंय जातला?"

पुष्कळ दिवसांनी हसले.

२० जानेवारी

वाचनालयातून विमानांवरचं पुस्तक आणलं. आंब्याच्या पेटीत घालायच्या रद्दी पेपरांवर मी वाचायला शिकले. अजूनही पान उलटताना वाटतं, पुढचं फाटलेलं असेल.

२ फेब्रुवारी

भाई, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, अडून बसले. "कौल घेतल्याबिगर जावचा नाय." गुरवाने देवाला पाकळ्या लावल्या. भाईंनी विचारलं, "माझ्या भावाची, सत्यवानाची इच्छा पुरी करूची काय?" उजवी पडली, म्हणजे देवाचा होकार. मग गाऱ्हाणं — "बा देवा म्हाराजा, त्येच्या मनात होता ता त्येची बायल करूक जाता, तिका सांभाळ!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

तुला जायचंय का, असं मला कुणी विचारलं नाही. बरंच झालं. मी ह्यांची राहिलेली खेप पोचवायला चाललेय. बाकी काही नाही.

१६ फेब्रुवारी

घाटावर, सुशांतबरोबर एका जुन्या धावपट्टीवर. अंगात सुनेची सलवार, पर्समध्ये ह्यांचा फोटो. मनाशी ठरवलं होतं — विमान उलटं झालं की म्हणायचं, "बघा, झालं तुमचं."

चालवणारी मुलगी, सलोनी. "काकी, भीती वाटली तर अंगठा खाली करा."

वर गेलो. उलटं झालं! शेतं, तळं, रस्ते, सगळं डोक्यावर टांगलेलं. मी ओरडले. "काकी, बऱ्या आहात ना?" "परत!" म्हटलं, "परत!" ती हसत सुटली. पुन्हा उलटं.

उतरल्यावर सुशांत म्हणाला, "बाबांची फार आठवण आली असेल." हो म्हटलं.

१७ फेब्रुवारी

नाही आली.

एकदाही नाही. ज्यांच्यासाठी गेले, तेच खाली राहिले. ठरवलेले शब्दही म्हटले नाहीत. आणि पॉइंट्स तर संपले. भाई येऊन म्हणाले, "झाला गो! आता तेचो आत्मो गप रवतलो." मी चहा टाकायला आत गेले. फोटोकडे बघवेना.

२५ फेब्रुवारी

हे असते तर म्हटलं असतं, चुकले. ते रागावले नसते. तेच जास्त लागतं.

३ मार्च

सुशांतला फोन केला. पैसे भरून त्या विमानात पुन्हा बसता येतं का, विचारायला सांगितलं. तो हळू आवाजात म्हणाला, "बाबांसाठी?"

नाही रे. मला बसायचंय.