बर्फाच्या गायरानाचा अर्ज

दादा,

वर तीर्थरूप लिहावं का कैलासवासी, ह्यातच अर्धी सकाळ गेली. दोन्ही लिहून खोडलं. तुला कैलासवासी म्हणायला हात उचलंना, आन् तीर्थरूप म्हणायचं तर तू हायस कुठं? म्हणून नुसतं दादा.

तू गेल्यापासून आठ महिन्यांत तुला एक अक्षर लिहिलं न्हाई. आज लिहायलोय, कारण तुझी बातमी आली. काल बाजाराला चुडाव्याला गेलतो. टेशनमास्तरांनी लांबूनच हाक मारली, "अरे किसन, तुझ्या भावाची बातमी आलीय बघ!" गेलेल्या माणसाची कसली बातमी? तर त्यांनी पेपर पुढं केला. पाशिंजर गाडीत कुणीतरी टाकून गेलेला. तुझ्यासाठी ठेवायचे तसाच सवयीनं ठेवला व्हता बिचाऱ्यांनी.

बारा देशांनी सह्या केल्या, दादा! तुझ्या त्या दक्षिणेच्या बर्फाच्या मुलखात कुणी फौज न्यायची न्हाई. बॉम्ब फोडायचा न्हाई. अणूचा कचरा तिथं टाकायचा न्हाई. ज्यांनी आधीच हक्क सांगून ठेवलाय त्यांचा हक्क खरा का खोटा, हे भांडण हाय तिथंच थांबवायचं, पुढं कुणी हद्द वाढवायची न्हाई. मी फलाटावर बसून तीनदा वाचलं. बाजार ऱ्हायलाच. पिशवी रिकामी घेऊन घरी आलो, तर घरात शिव्या खाल्ल्या.

तुला हे खूळ लागलं कसं, हे मला अजून कळलं न्हाई. पाइंटमनची नोकरी तुझी. गाडी आली की रूळ बदलायचा, गेली की डब्यात पडलेला पेपर घेऊन बाकड्यावर बसायचं. आपण दोघंबी निजामाच्या शाळेत उर्दू शिकलो, म्हणून तू हैदराबादचे पेपर सरळ वाचायचास. 'जनूबी कुतुब, जनूबी कुतुब', म्हंजी दक्षिण ध्रुव, करत सुटायचास. निम्मी बातमी मिळायची, निम्म्या पानात कुणीतरी भजी बांधून नेलेली असायची. मग पुढं काय झालं ते तूच मनानं जुळवायचास, आन् दुसऱ्या आठवड्यात चुकलं म्हणून स्वतःवरच चिडायचास.

आठवतं का, पूर्णेच्या टेशनातनं बर्फाचा तुकडा आणलतास ते? भुशात घालून, पोत्यात गुंडाळून. मायला दाखवायचा व्हता. चुडाव्यात उतरून घरी पोचेस्तोवर लिंबाएवढा उरला. मायनं हात लावला आन् "अगं बया, भाजलं की!" म्हणून टाकून दिला. पोरं हसली. तू मात्र हसला न्हाईस. म्हणालास, "बघा, नुसतं पूर्णेपासून आणलं तर एवढंच उरतंय. माणसाचा हात लागला की संपलं."

मी म्हणालो, "तिथं माणूस न्हाई, काणूस न्हाई. कोण हात लावायलंय?"

"लावायलेत," तू म्हणालास. "देवमासे मारून त्यांची चरबी कढवायलेत. तिथल्या पाखरांनाबी कढईत घातलं तेलासाठी. आता बॉम्ब फोडून बघायचा इचार हाय म्हणे. आपला पाऊस तिथल्या थंडीशी जोडलेला असला तर? आपण इथं आभाळाकडं बघत बसायचं, आन् बिघडवणारा तिथं!"

लोक तुला हसायचे. मीबी हसलो, दादा. तुझ्या तोंडावर न्हाई, पण हसलो.

आता खरं ते लिहितो. लिहिल्याबिगर सुटका न्हाई.

पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन सालांनी मी गावच्या गायरानात नांगर घातला. माझ्या वावराला लागूनच व्हतं. एक पट्टी घेतली, बांध घातला, वरून बाभळीची काटी लावली. तू टेशनातनं तसाच डगल्यावर आलास. "किसन, ही जमीन गाईची हाय." मी म्हणालो, "मी न्हाई घातला तर दुसरा घालील." तू म्हणालास, "ते देशबी हेच म्हणायलेत." मला लय राग आला. कुठलं बर्फ, कुठला मी! चार लेकरं माझी. तुला सरकारी पगार हाय, तुला काय जातंय बोलायला, असंबी बोललो. त्या दिवसापासून तू माझ्या घरी पाणी प्याला न्हाईस.

आन् खरंच दुसऱ्यांनी घातले. माझं बघून सखारामनं, सखारामचं बघून बाकीच्यांनी. आता गावाची गुरं रुळाच्या कडंनं चरत्यात. दोन गाई गाडीखाली गेल्या. त्यातली एक तूच रुळावरनं ओढून काढलीस, हे मला वहिनीनं तू गेल्यावर सांगितलं.

मग आपल्या दिल्लीनं तो बर्फाचा विषय जगाच्या सभेत दुसऱ्यांदा काढला, तवा तू अर्ज लिहिलास. उर्दूत, चार पानं. की हा मुलूख कुणा एकाचा होऊ नये, सगळ्या जगाचं गायरान म्हणून ऱ्हावा, ह्या गावच्या लोकांचा सरकारला पाठिंबा हाय. आन् इतक्या वर्षांनी माझ्या दारात आलास! आत आला न्हाईस, पण आलास. "माझ्याबिगर गावात उर्दू वाचणारा तूच हायस. पारावर सगळ्यांना वाचून दाखव, अंगठे घे, आन् टपालात टाक."

तू दारातनं माघारी गेल्यावर मी अर्ज उघडला. तिसऱ्या पानावर तू लिहिलं व्हतंस: "आमच्या गावचं गायरान असंच गेलं. पहिला नांगर घालणारा परका कुणी नव्हता. तो माझा सख्खा भाऊ किसन."

हे मी पारावर वाचायचं व्हतं? माझ्याच तोंडानं?

मुद्दाम केलंस ना दादा? सांग ना! का तुझ्या मनात माझं कायबी नव्हतं, नुसता दाखला म्हणून लिहिलंस? मला हेच अजून कळंना. तोंडावर दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. मी तो अर्ज बियाण्याच्या मडक्यात, राखेखाली, कडुलिंबाच्या पाल्यात दाबून ठेवला. फाडायची हिंमत झाली न्हाई, टाकायचीबी न्हाई.

उन्हाळ्यात तुला ताप भरला. दवाखान्यात मी पायाशी बसलो व्हतो. तू डोळे उघडलेस आन् पहिलं काय इचारलंस? "दिल्लीहून काई आलं का?"

मी म्हणालो, "येईल की. सरकारी काम हाय."

"अंगठे किती मिळाले?"

"लय मिळाले."

तू हसलास, दादा. तुझं तोंड उजळलं. म्हणालास, "मग उशीर झाला तर झाला. लांबचा विषय हाय." आन् माझ्या हातचं पाणी प्यालास. इतक्या वर्षांनी! दुसऱ्या दिवशी तू गेलास. ते पाणी तू खोट्यावर प्यालास, हे माझ्या मनातनं जात न्हाई. भाकरी मोडताना आठवतं.

आपला एक अर्ज गेला असता तर काय झालं असतं? काईच न्हाई, मला ठाऊक हाय. तरी पेपरात बारा देशांची नावं वाचताना आपलं नाव शोधलं. न्हाई त्यात. ज्यांनी आधी हक्क सांगितले ते हायत, जे तिथं जाऊन ऱ्हायले ते हायत. जगाच्या सभेत हा विषय काढणारे आपण, पण त्या बाकावर आपण न्हाई. देवमाशांचं काय, बर्फाखाली कोळसा निघाला तर काय, तेबी मला कुठं दिसलं न्हाई. तू असतास तर टेशनमास्तरांचं डोकं खाल्लं असतंस ह्यावर. निम्मी खुशी, निम्मी तकरार. मी कुणाशी बोलू?

आज सकाळी, ते तीर्थरूप खोडून झाल्यावर, कुदळ घेऊन गायरानात गेलो. ज्वारी निघालीय, नुसती धसकटं हायत. काटी ओढून काढली, बांध तीन ठिकाणी फोडला. सखाराम त्याच्या पट्टीतनं बघत व्हता. म्हणाला, "सोडलीस का? मग मी धरतो." मी म्हणालो, "सोडली न्हाई, गाईला दिली." तो हसला. "गाईला कुठं सातबारा असतो का!" दुपारी जाऊन बघतो तर त्याच्या नांगराचं तास माझ्या पट्टीत दोन हात आत आलेलं.

इतकंच झालं माझ्या बांध फोडण्यानं. बाकीचं गायरान गेलं, आन् हीबी पट्टी टिकंल का न्हाई, देव जाणे. वहिनीला इचारलं, तिनं तुझी मोरी गाय सोडून दिली माझ्यासंगं. आता ती त्या तासापाशी खुंट्याला बांधलीय आन् मी तिथंच बसून हे लिहायलोय. रोज बांधीन. सखारामनं शिव्या दिल्या तरी बांधीन.

अर्ज मडक्यातनं काढलाय. राख झटकली, पण कडुलिंबाचा वास जाईना. शनिवारी मारुतीच्या पारावर सगळे जमत्यात. तिथं चारी पानं वाचतो. तिसरं पान मोठ्यानं वाचतो, एक शब्द गाळणार न्हाई. कुणी अंगठा देवो न देवो, सोमवारी टपालात टाकतो. आता दिल्लीला त्याचा काई उपयोग न्हाई, तरी टाकतो. तुला मी लय मिळाले म्हणून सांगितलं व्हतं, त्यातला एक तरी खरा असावा म्हणून माझा अंगठा आधीच लावलाय. सही येते मला, पण तुला सांगितले व्हते ते अंगठेच.

तुझा सख्खा भाऊ,
किसन