सिंगल बेल

२ फेब्रुवारी

आलो बाई एकदाचे! नवं भाड्याचं घर म्हणजे दोन खोल्या आणि चिमूटभर स्वयंपाकघर, पण लिफ्ट आहे आणि खिडकीतून हॉस्पिटलचं फाटक दिसतं. अण्णांनी आल्या आल्या सगळीकडे नजर फिरवली आणि जाहीर केलं की सीटा कमी आहेत, पण गाडी बरी आहे. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. आता फुप्फुसाचा कॅन्सर शेवटच्या टप्प्याला आला तरी जीभ काही रिटायर होत नाही.

सामान लावायच्या आधी बेल लावायला लावली. निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या मंडळींनी त्यांच्या जुन्या गाडीची पितळी बेल दोरीसकट काढून भेट दिली होती, तीच. बेल स्वयंपाकघराच्या दाराशी, आणि दोरी भिंतीच्या कडेकडेने थेट त्यांच्या पलंगापर्यंत. हाक मारायला दम पुरत नाही, म्हणून ही सोय. लहानपणी मी हातात ताट धरून खुर्चीवर बसून गाडी चालवायचे आणि ते मागून बेल द्यायचे. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. तीन म्हणजे गाडी फुल्ल, आता मध्ये कुठेही थांबायचं नाही, थेट शेवटचा स्टॉप. तेव्हापासून मी ‘डायवर’. चाळिशी उलटली तरी डायवरच.

आज दिवसभर सिंगल बेल देऊन मला नुसतं पळवलं. कधी चष्मा, कधी पाणी, आणि एकदा तर काहीच नको होतं, बेल नीट वाजते का तेवढं बघायचं होतं. मी चिडले तसे अण्णा खो खो हसले. मग खोकला आवरेना.

९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून समजावलं. आवाज चढवत नाहीत, खोटी आशा लावत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर रागही काढता येत नाही. आधीची औषधं आता लागू पडत नाहीत. नव्या औषधाच्या सलाइनी देऊन बघता येतील, कदाचित थोडे महिने मिळतील. पण फुप्फुसं इतकी थकली आहेत की श्वास मध्येच कोसळू शकतो, मग घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल. नाहीतर हे सगळं थांबवायचं आणि दुखणं, धाप कमी होईल एवढंच बघायचं. घरी, आपल्या पलंगावर. अण्णांनाच विचारा, म्हणाल्या.

धाकट्या भावाला फोन केला. तो परदेशात बसून म्हणतो की ताई, हार मानायची नाही. तुझं काय जातंय बोलायला, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. अण्णा नसलेलं घर माझ्या डोळ्यांसमोर येतच नाही.

११ फेब्रुवारी

विचारलं. समोर बसून विचारायचा धीर होईना, म्हणून स्वयंपाकघरातून, भांडी विसळता विसळता. थांबवायचं असेल तर एक बेल द्या, चालू ठेवायचं असेल तर दोन.

ताटं झाली, चमचे विसळायला घेतले. मग बेल वाजली. दोन वाजल्या. लगेच डॉक्टरीणबाईंना कळवलं, धाकट्यालाही. तो फोनवर रडला.

संध्याकाळी अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. जेवण नको म्हणाले. स्टॉप मागे गेला, असं काहीतरी पुटपुटले. गोळ्यांची गुंगी असेल.

२० फेब्रुवारी

पहिली सलाइन झाली. तोंड आलंय, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. दोरीला हात लावत नाहीत आता. मी हातात देते, ते हळूच बाजूला ठेवतात. तहान लागली तरी मी डोकावेपर्यंत गप्प. रागावले असते तर बरं झालं असतं. उलट माझ्याशी गोड वागतात, मी जेवले का विचारतात. मेल्याहून मेल्यासारखं होतं मला.

२७ फेब्रुवारी

श्वास कोसळला. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं की त्यांना सगळं चालू ठेवायचं होतं ना, नक्की ना? मी हो म्हणून मान हलवली. नळी घातली. ती उपसू नये म्हणून हात मऊ पट्ट्यांनी पलंगाला बांधलेत. अण्णांचे हात!

दुपारी त्यांचे कपडे न्यायला घरी आले. कुलूप काढते तोच स्वयंपाकघरात बेल वाजली. एकदाच. वारा असेल म्हटलं. खिडक्या बंद होत्या.

१ मार्च

रोज वाजते. एकच. थांबते. पुन्हा एकच.

नर्स म्हणाली की बाबांचं बोट पलंगाच्या दांडीवर सारखं आपटतं, एकदा, मग थांबून पुन्हा एकदा. त्याचा काही अर्थ आहे का, विचारत होती. मी नाही म्हणाले. नाही म्हणाले मी.

४ मार्च

बेलला टॉवेल गुंडाळला. वाजली. काढून कपाटात कोंडली. कपाटातून वाजली. दोरी कापून टाकली तर पलंगाकडचा तुकडा ताठ होतो, कुणी ओढावा तसा, आणि कपाटात —

आई गं.

६ मार्च

खोटं लिहिलंय मी. अकरा तारखेचं. पहिली बेल त्यांनी दिली. दुसरी येईना. मी वाट बघितली, देवाशप्पथ बघितली. मग हातातला चमचा मीच मारला बेलवर.

त्यांनी ऐकलं. सगळा जन्म त्या दोरीखाली गेला, त्यांना चमच्याचा आवाज कळणार नाही? तरी मला खोटं पाडलं नाही. उतरायचं होतं त्यांना. डायवर थांबली नाही.

म्हणून अजून गाडीतच आहेत. तिकडे बांधलेले, आणि इथे माझ्या पाठीमागे.

७ मार्च

पाठ केली की धाप ऐकू येते. वळले की पलंग रिकामा. पण चादर दबलेली, कुणी बसल्यासारखी —

टण.

थांबवते अण्णा. थांबवते म्हटलं ना.

टण.

८ मार्च

ठरलं. सकाळ झालीय, आत्ताच जाते. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगते, चमच्यासकट. मशीन काढा म्हणते. धाकटा काय म्हणायचं ते म्हणू दे. पट्ट्या सोडून हात हातात घेते आणि —

चपला घातल्या. वाजली. एक. हो हो, थांबवायलाच निघाले —

दोन.

दोन? म्हणजे चल? माझं ऐकलं त्यांनी? अण्णा, सोडलंत मला —

फोन. हॉस्पिटलचा नंबर. नको, थांबा ना, मी निघालेच आहे, आत्ता थांबवते, एकच मिनिट —

टण.

तीन. गाडी फुल्ल, थेट शेवटचा —