पाणी पाजलेला दगड

सोमवार, ४
नाही, गुडघे दुखत नाहीत. एवढा डोंगर कशी चढलीस, असं कोणी विचारायच्या आत सांगते : पायांनी. नात या पुरातत्त्वाच्या शिबिरात शिकायला आलीय. तिनंच मला इथं स्वयंपाकाचं काम मिळवून दिलं. जागा झकास. तंबू, वारा, खाली ओढा. वर गुहा. जुन्या माणसांनी भिंतीवर हात टेकवून वरून लाल रंग फुंकलाय. मधे हाताएवढी जागा कोरी. शिकवणारे सर, म्हणजे आमचे टोपीवाले, म्हणाले, दगडाला हात लावायचा नाही, पाणी तर नाहीच. एवढे लाड जावयाचेही कोणी करत नाही.

मंगळवार, ५
पोरं भिंतीपुढं प्लास्टिकचा कागद धरून हात गिरवतात. नातीच्या वाट्याला आलेला हात अगदी पुसट. नीट गिरवला तरच पुढच्या खोदकामाला घेणार, म्हणून पोरगी रडकुंडीला आलेली. टोपीवाले जेवायला गेले तशी मी ओलं फडकं फिरवलं. पाटा ओला केला की टाकीचे घाव दिसतात, तसं. चित्र लखलखलं. दगडानं पाणी मात्र गटागटा पिऊन टाकलं.

बुधवार, ६
ओल्या जागेशेजारी काल नव्हतं ते उमटलंय. एकच करंगळी, वाकडी. नातीची लहानपणी दारात चेमटली होती, हुबेहूब तशी. टोपीवाले म्हणाले, आजी, जरा सावलीत बसा. सावलीतच होते मी.
पोरीची करंगळी गार पडलीय. सुई टोचली तरी कळत नाही तिला.

गुरुवार, ७
भिंतीवर चार बोटं. पोरीच्या हातात पेन्सिल ठरत नाही. टोपीवाले टोपी काढून बसलेत. दवाखान्यात न्यायला गाडी उद्या येईल म्हणे. उद्यापर्यंत पुरायला अंगठाच उरलाय.

शुक्रवार, ८
उजाडताच गेले. म्हटलं, पाणी मी पाजलं, पोरीकडं काय मागतोस हलकटा. त्या हातावर माझा पंजा ठेवला. धुणी बडवून रुंद झालेला, पुरून उरला.

खाली पोरगी ओरडतेय, बोटं दुखतात म्हणून. दुखू देत. दुखणं बरं.

वही कमरेला होती. डाव्या हातानं लिहितेय. उजवा निघत नाही — मनगट गेलं —

टोपीवाले आले. ओढू का म्हणतात. म्हटलं, दगडाला हात लावायचा नाही, नियम तुमचाच. तिला गाडीत बसवा.

कोपर —

आत काय आहे, विचारतायत. कळतंय मला. सांगणार नाही. एक अक्षर —