पाण्यातून निघालेली गोळी

सोमवार, ५ फेब्रुवारी
आजपासून मी प्रयोगशाळेच्या शस्त्रविभागात! मावशीकडे राहायची सोय झालीच आहे. भाची गोळ्यांचं काम करते, असं तिनं आळीभर सांगितलं. संध्याकाळी शेजारीण गुडघेदुखीवर एखादी मिळेल का विचारायला आली. हसून हसून पुरेवाट.
साहेब मायाळू आहेत. त्यांनी काडतूस उघडून दाखवलं. लोक अख्ख्या काडतुसाला गोळी म्हणतात, पण गोळी म्हणजे नुसतं पुढचं टोक. मागे पितळी नळकांडं, त्यात दारू, बुडाला चिमुकली टोपी. टोपीवर ठोका बसला की ठिणगी, ठिणगीनं दारूचा वायू, आणि तो गोळीला पुढे ढकलतो. बंदुकीच्या नळीतल्या पीळदार चरांतून गरगरत जाताना तिच्या अंगावर ओरखडे उठतात, प्रत्येक बंदुकीचे वेगळे. ते पाहायला आम्ही पाण्याच्या लांब टाकीत गोळी झाडतो. पाणी तिला थोपवतं, चेपत नाही.

गुरुवार, ८
विहिरीच्या गाळात सापडलेलं पिस्तूल आलं. मालकाचा पत्ता नाही, कुणाला लागल्याची तक्रारही नाही. साफ केलं, नवं काडतूस भरून चाप ओढला. छातीत कळ आली, धक्क्याची असावी. जाळीनं गोळी काढली आणि चक्रावलेच. टोक चेपून पसरलेलं, त्यात हाडाची कपची, रक्त. समोर तर पाण्याशिवाय काही नव्हतं! साहेब म्हणाले, टाकीत घाण असेल, पाणी बदल. बदललं. गोळी रक्तविभागात पाठवली.
जीव थाऱ्यावर नाही.

मंगळवार, १३
नवं पाणी, दुसरी गोळी. या वेळी कपची नाही, पण रक्त ताजं. कळ पुन्हा आली, जरा डावीकडे. मावशी म्हणते, चेहरा उतरलाय, खड्ड्यात गेली ती नोकरी.

गुरुवार, १५
रक्तविभागातली बाई हसत आली. म्हणाली, "हातमोजे घालत जा गं, तुझंच रक्त आहे ते." आम्हा सगळ्यांच्या रक्ताचे नमुने ताडून पाहायला तिच्याकडे असतात.
मी हातमोजे घातले होते. बोटाला साधं खरचटलेलंही नाही.

शुक्रवार, १६
कळ थांबेना म्हणून दवाखान्यात गेले. छातीचा एक्स-रे फोटो काढला. बरगडीची कपची उडालेली. डॉक्टरांनी विचारलं, कुठं पडलात? वरची कातडी तर अगदी सलग — आणि आत दुसरी जखम आहे. काळजाच्या शेजारी.

सोमवार, १९
साहेबांना सगळं सांगितलं, फोटो पुढे ठेवला. बघितलाही नाही. म्हणाले, डोकं शिणलंय तुझं, रजा घे. अहवालाला तिसरी गोळी लागते, ती मी झाडतो. मी पाया पडले. त्यांनी दार आतून लावून घेतलं.
पळावं तर कुठं? बाहेर बाकावर बसलेय. वही मांडीवर आहे, लिहितेय —

टक् झालं. बार नाही!
वाचले. टोपी सर्दावली असेल — वाचले —

दारावर धडका मारल्या. ते आतून म्हणतात, घाबरू नकोस, असं काडतूस लगेच काढायचं नसतं. नळी टाकीकडेच धरून उभे आहेत. म्हणतात, कधी कधी टोपी पेटलेली असते, दारू आतल्या आत धुमसते, आणि मग उशिरानं —