सोवळ्यातलं यंत्र आणि संग्रामपूरचं लग्न

राजमान्य राजेश्री संगणकविशारद चिन्मयपंत यांस,

मलकापूरहून मार्तंडकाकाचा साष्टांग नमस्कार. (काकाने पुतण्याला नमस्कार घालू नये, हे मला ठाऊक आहे, पौरोहित्यात केस पांढरे झाले. पण तुझ्या विद्येपुढे आम्ही आडवेच झालो आहोत, तेव्हा पडल्यापडल्या घालून घेतला.) पुण्यात तुझी प्रकृती बरी असेल. येत्या मार्गशीर्षात तुझं रेवतीशी लग्न, तेव्हा झोप, वजन आणि अक्कल जागच्या जागी आहे ना, एवढं कळव. इकडे तुझ्या काकूचे गुडघे ठीक आहेत, कापूस ठीक आहे, फक्त माझी अब्रू गेली आहे. बाकी सर्व क्षेम.

तुला ठाऊकच आहे, राममंदिरामागच्या गल्लीत आम्ही चौघे गुरुजी. कुणाकडचं लग्न कुणी लावायचं, हे आजवर संध्याकाळी मंदिराच्या ओट्यावर बसून ठरायचं. (त्यात एकदाही घोळ झाला नाही, म्हणूनच ते मागासलेलं.) दिवाळीत तू आलास आणि चौघांच्या तारखा एकमेकांना दिसतील असं सॉफ्टवेअर करून दिलंस. ते आमच्या लॅपटॉपवर चालेना. तू म्हणालास, माझ्याकडे तर चालतं. आणि उपाय काय काढलास, तर तुझा अख्खा कॉम्प्युटरच पेनड्राइव्हवर उतरवून चौघांना वाटलास. म्हणजे आमच्या कॉम्प्युटरच्या पोटात तुझा कॉम्प्युटर. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात म्हणे. शेजारणीने चिमूटभर मीठ मागावं आणि आपण सगळं स्वयंपाकघर उचलून तिच्या घरात नेऊन ठेवावं, असा हा प्रकार. पण तू शिकलेला, आम्ही पेनड्राइव्ह लावला.

ते पोटातलं यंत्र पहिल्या दिवसापासून सोवळ्यात. त्याने बाहेरून हवं ते मागून घ्यावं, पण बाहेरच्या कुणी त्याला शिवायचं नाही. माझ्या यंत्रातून थेट मुंबईपर्यंत हाक जायची आणि उत्तरही यायचं. समोरच्या घरातून प्रेमानंद गुरुजींनी मला हाक मारली की शुकशुकाट. तुला फोन केला, तर म्हणालास की या सोवळ्याला 'नॅट' म्हणतात, ते काढा आणि 'ब्रिज' करा. (हे तू जेवताना सांगितलंस. निम्मे शब्द पोळीतच राहिले.) शेवटी तुझ्या काकूने चष्मा लावून तो पर्याय हुडकला. चारही यंत्रं सोवळं सोडून गल्लीत आली, एकाच वायफायवर. प्रेमानंद गुरुजींनी पेढे वाटले.

तिथेच घात झाला. चौघांना तू एकाच यंत्राच्या प्रती दिल्या होत्यास. नाव तेच, आतला नंबरही तोच. वायफायने चौघांना मिळून एकच पत्ता देऊन टाकला. (त्याला काय बोल लावायचा? एकाच चेहऱ्याची, एकाच नावाची चार माणसं रांगेत उभी राहिली, तर आमचा पोस्टमनही तेच करील.) तुळशीचं लग्न झालं आणि पहिल्याच मुहूर्ताला संग्रामपूरच्या भाऊरावांच्या छकुलीचं लग्न. मला त्या दिवशी पिंपळगाव राजा या गावी जायचं होतं, म्हणून ते मी यंत्रातून प्रेमानंद गुरुजींकडे पाठवलं. आता त्यांचा पत्ता आणि माझा पत्ता एकच. माझ्या यंत्राने निरोप काढला, स्वतःलाच दिला, प्रेमानंद गुरुजींच्या वतीने स्वतःच होकार भरला आणि मला हिरव्या अक्षरांत कळवलं की पोचलं, स्वीकारलं. मी निर्धास्त पिंपळगावला गेलो.

लग्नाच्या वेळी प्रेमानंद गुरुजी घरी पिठलं-भाकरी खाऊन घोरत होते. संग्रामपूरला मंडळी अंतरपाट धरून उभी. मुहूर्त टळायला आला, तेव्हा डीजेवाल्याने मोबाइलवरून मंगलाष्टकं लावली. तिसऱ्या 'सावधान'नंतर बोअरवेलची जाहिरात लागली. ती काही केल्या बंद होईना. लोकांनी तिच्यावरही अक्षता टाकल्या.

संध्याकाळी भाऊरावांचा फोन आला. त्यांच्या आजोबांपासून ते आमचे यजमान. मला वाटलं, शिव्या देतील. ते अगदी शांतपणे म्हणाले, "गुरुजी, पोरीचं लगन तं मोबाइलनं लावलं. आता सत्यनारायण बी त्यालेच सांगू काय?"

चिन्मय, मला खरंच लाज वाटली. माझ्या शब्दावर उभा राहिलेला एकही मांडव आजवर गुरुजींवाचून राहिला नव्हता. तुला हे सांगितलं, तर तुझं आपलं तेच, माझ्याकडे चालतं. चालणारच रे बाबा. तुझ्याकडे ते एकटंच आहे.

असो. थोरामोठ्यांचा वेळ घेऊ नये. रेवतीला आशीर्वाद सांग. तिची काही चूक नाही.

तुझा (अजून तरी) काका,
मार्तंड

ता.क. येत्या रविवारी स्वतः ये आणि चारही यंत्रांना वेगवेगळे नंबर दे. फोनवरून सांगू नकोस, पेनड्राइव्ह पाठवू नकोस. तू ये.

आणखी एक ता.क. तुझ्या लग्नात मी वरपक्षाकडचा, त्यामुळे गुरुजी म्हणून प्रेमानंद गुरुजींना सांगायचं ठरलं होतं. ती तारीख मी तुझ्याच यंत्रातून त्यांना पाठवली आहे. पोचलं, स्वीकारलं, असं लगेच आलंसुद्धा. आत्ता प्रेमानंद गुरुजी चहाला आले होते. भाऊरावांचा राग निवळलाय, नेमकं त्याच दिवशी सत्यनारायणाला बोलावलंय, माझा दिवस मोकळा दिसतो, जाऊ का, असं विचारत होते. मी म्हटलं, जा. रविवारी आलास, तर त्यांना थांबवता येईल. नाहीतर मोबाइल तेवढा चार्ज करून ठेव.