सरकून बसलेली गाणी

मंगळवार, ११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

"तुला कान नाही," असं बाबा मला म्हणाले, तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तू दारात चपला काढत होतीस. "अरे दादा, पोरीला असं काय बोलतोस," एवढं म्हणालीस आणि लगेच विषय बदललास. विषय बदलण्यात तुझा हात कुणी धरू शकणार नाही. म्हणून फोन न करता लिहितेय. कागदावर तुला विषय बदलता यायचा नाही.

तू बरी असशील, गुडघा बरा नसेल आणि नको म्हटलं तरी दुकानात शिडीवर चढून फ्रेमा काढत असशील, असं धरून चालते. आम्ही ठीक. लेकीला चष्मा लागला. नंबर वेगळ्या चिठ्ठीवर देते, फ्रेम तूच निवड, माझी निवड तिला म्हातारी वाटते. तुझ्या भाचेजावयाचा खोकला गेला, कुरकुर आहे.

शनिवारी मी बाबांकडे आले होते आणि तुझ्या गल्लीच्या तोंडावरून तुला न भेटता परत गेले, हे तुला कळलं असेलच. रागावली असशील. रागाव, पण हे पत्र पुरतं वाच.

मासिकातलं माझं सदर तू वाचत नाहीस आणि 'छान होतं गं' म्हणतेस, ते मला माहीत आहे. त्यात मी लोकांनी टाकून दिलेल्या रेकॉर्डी पुन्हा ऐकून त्यांच्याबद्दल लिहिते. या वेळी संपादकीणबाईंनी रॉक अँड रोलच्या सिनेमाची रेकॉर्ड मागितली. मी तुमची काढली, तू गायलेली.

पत्र मिटू नकोस.

सिनेमात काही राम नव्हता, हे तूही कबूल करशील. बाटल्यांच्या कारखान्यातल्या मुली बँड काढतात, मालक आरडाओरडा करतो, शेवटी तोच नाचतो. आठवड्यात उतरला. रेकॉर्ड मागे राहिली, आणि तिच्यासोबत त्या पेपरवाल्याचं वाक्य: 'नायिका तोंड उघडते आणि कुठेतरी किटली शिटी मारते.' त्या दिवसापासून तू घरादारात किटली झालीस. तूही हसलीस. मी तर बोलायला लागले तीच 'किटलीआत्या' म्हणत. आज वर नुसतं 'प्रिय आत्या' आहे, हे तुझ्या नजरेतून सुटलं नसणार.

मी रेकॉर्ड लावली ती भाची म्हणून नाही, काम म्हणून. आणि थक्क झाले. ड्रमवाला असा वाजवतो, जणू दार उघडेपर्यंत तो ठोठावायचं थांबवणारच नाही. गिटार खरखरीत, पत्र्यावरून खुर्ची ओढल्यासारखी, पण नेमकी. दुसऱ्या गाण्यात रिकाम्या बाटल्यांवर चमचे वाजवून धरलेला ताल आहे. एवढं धाडस त्या वेळी बड्या सिनेमांनीसुद्धा केलं नव्हतं. गाणी एकमेकांचा पाय ओढत नाहीत, एक संपतं तिथे दुसरं झेप घेतं. अशी रेकॉर्ड लोकांनी हसून बाजूला टाकली याची मला चीड आली. तरीही मी कच्च्या मजकुरात लिहिलं, 'वादन अव्वल, गायिका दुर्दैवाने चिरकी.' तुझ्याबद्दल, तुझ्या भाचीने.

गुरुवारी सकाळी पुन्हा लावली. कामावर निघायचं होतं, एक मोजा पायात होता, दुसरा हातात. माझ्या प्लेअरचा रबरी पट्टा जुना आहे, त्या दिवशी तो सैल पडला आणि तबकडी हळू फिरायला लागली. मला ते कळलं नाही. मला एवढंच कळलं, की खोलीत कुणी बाई गातेय. भरलेल्या, खालच्या आवाजात. जरा थकलेली, जरा चिडलेली, आणि कुणाची भीड न ठेवणारी. लिफ्ट बंद पडते ते गाणं होतं. मी खरोखर मागे वळून पाहिलं. मग मोजा हातात घेऊन तशीच फरशीवर बसले.

तो तुझा आवाज होता. तू दुकानात कुणा म्हाताऱ्याला 'खालची ओळ वाचा आता' म्हणतेस ना, तोच.

आधी वाटलं, हळू फिरली म्हणून जड वाटतंय, कुणाचाही आवाज वाटेल. तेवढ्यात माउथ ऑर्गन आठवला. त्या रेकॉर्डिंगला ज्याने वाजवला, त्याने जाताना तुला दिलेला, आणि तू मला दिलेला. आता तो माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून असतो. माउथ ऑर्गनची पट्टी कारखान्यात ठरते, ती कुणाला चढवता-उतरवता येत नाही. मी लिफ्टचं गाणं लावलं, तबकडीच्या कडेला बोट टेकवून वेग जरा जरा सांभाळला आणि फुंकर मारली. जुळलं. रेकॉर्डमधला तो आणि माझ्या तोंडातला तो, एकच झाले. नवा पट्टा घालून ठरलेल्या वेगात लावलं, तर एकदम भांडायला लागले.

नऊ वर्षांची असताना मी हेच करत होते, आत्या. तोच बाजा, तेच गाणं. पुन्हा पुन्हा वाजवत होते आणि जुळत नव्हतं. बाबा आतून आले, क्षणभर ऐकलं आणि ते वाक्य म्हणाले. मी बाजा ठेवून दिला तो कायमचा. ज्याला वाजवता येत नाही तो वाजवण्याबद्दल लिहितो, असं मी माझ्या नोकरीबद्दल गमतीने सांगत आले.

पण बाबा कोण होते? रेकॉर्ड कंपनीत टेपवरचं गाणं तबकडीवर कोरणारे. त्यांच्या कानाचे लोक दाखले द्यायचे. त्यांना कळलं नसेल?

म्हणून शनिवारी गेले. ते खिडकीशी बसून रेडिओचे जुने स्क्रू डब्यात निवडत होते. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर एवढं बारीक दिसतं याचाच त्यांना आनंद. मी काही प्रस्तावना केली नाही. माउथ ऑर्गन काढला, लिफ्टच्या गाण्याची सुरुवात वाजवली, मग फोनवर भरून आणलेलं तेच गाणं, रेकॉर्डवर आहे त्याच वेगात, ऐकवलं. ते बराच वेळ स्क्रू निवडत राहिले.

मग एकेक सांगितलं. कंपनीच्या मालकाचा जावई सिनेमाचा हीरो. रेकॉर्डवर त्याची दोन गाणी हवीत, एकेका बाजूला एक, असं ऐन वेळी ठरलं. जागा नव्हती. बाबांनी कोरताना तुझी टेप वेगात पळवली; गाणी आखूड झाली आणि आवाज वर चढला.

"बाकावर कुणी नवीन आलं की बाकीचे सरकून बसतात ना, तसं," बाबा म्हणाले. "सगळ्या गाण्यांना थोडं थोडं सरकून बसवलं."

मी विचारलं, जावयाची गाणीही सरकली का. नाही म्हणाले. ती त्याच्या वेगात ठेवली, कारण ती मालक ऐकणार होता.

त्यांना वाटलं होतं, कुणाला कळणार नाही, फार तर आवाज जरा तरुण वाटेल. मग तो पेपर आला. आणि मग तू आलीस, रेकॉर्ड छातीशी धरून, आणि म्हणालीस, "दादा, हा माझा आवाज नाही." ते हसले. सगळ्यांनाच पहिल्यांदा असं वाटतं, म्हणाले, आपला आवाज आपल्याला परकाच ऐकू येतो.

हे त्यांनी स्वतः सांगितलं मला. तू कधी सांगितलं नव्हतंस. तू एवढ्या वर्षांत एकदाच खरं बोललीस आणि ते थट्टेवारी गेलं. नंतर तू चष्म्याच्या दुकानात लागलीस, आणि आमच्या घरी केक कापताना सगळे गातात तेव्हा तू नुसते ओठ हलवतेस. मी लहानपणापासून बघतेय. मला वाटायचं, तुला गाणं आवडत नाही.

निघताना बाबा म्हणाले, तिला सांगू नकोस. मला वाटलं, अब्रूची काळजी. तसं नव्हतं.

"ती रोज संध्याकाळी येऊन माझ्या डोळ्यांत थेंब घालते," ते म्हणाले. "वरून वाकून बघत असते. मला तेव्हा डोळे मिटता येत नाहीत गं."

जिना उतरले, तुझ्या गल्लीपर्यंत आले. कोपऱ्यावरून तुझ्या दुकानाची पाटी दिसत होती, काचेतून तूही दिसलीस, कुणाच्या तरी नाकावर चष्मा नीट बसवत होतीस. माझं पाऊल पुढे पडेना. बस पकडली.

त्यांनी सांगू नकोस म्हटलं आणि मी सांगितलं. आता थेंब घालायला जायचं की नाही, ते तुझं तू ठरव. नाही गेलीस तर मी तुला एका शब्दाने बोलणार नाही. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना विचारून ठेवलंय. लेख मी अजून दिलेला नाही, तुझ्या होकाराशिवाय एक अक्षर छापून येणार नाही. संपादकीणबाई रोज फोन करतात, करू देत.

मला वेगळंच काही मागायचं आहे. येत्या रविवारी मी तिकडे येतेय. थेंब घातले की पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं असतं, असं तूच म्हणालीस. त्या पाच मिनिटांत ते तुझ्याकडे बघू शकत नाहीत आणि उठूनही जाऊ शकत नाहीत. तेव्हा लिफ्टच्या गाण्याची पहिली ओळ म्हण. एकच. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी असेन, माउथ ऑर्गनवर पट्टी देईन. तुझी, सरकवण्याआधीची.

तू नाही म्हणशील. 'आता काय गं त्याचं' म्हणशील आणि लेकीच्या फ्रेमचा विषय काढशील. मला ते पाठ आहे. तरी मी ओट्याशी उभी राहून सूर देणार आहे, आणि तू गायली नाहीस, तर तो तसाच धरून ठेवणार आहे, दम पुरेल तेवढा.

तुझी,
कान असलेली भाची