नोएमीच्या सहीचा कागद

लॉस एंजेलिस,
९ फेब्रुवारी २०१२

ती. एल्विरा मावशीस,
नोएमीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू भलतंच ऐकतेस, म्हणून हे पत्र. मावशी, मला काम मिळालं! या अवाढव्य काउंटीत किती घरांत पैशांची ओढाताण आहे, हे आमची संस्था मोजणार आहे. चिठ्ठ्या टाकून गल्ल्या निवडल्यात. त्या गल्ल्यांतल्या प्रत्येक घरी प्रश्नांचा कागद जाईल आणि त्याच्या तळाशी छापलेली सही असेल माझी!

शिवणकारखान्यात पाठ मोडून तू माझी फी भरलीस, ती अगदीच वाया गेली नाही म्हणायची. तुझ्याकडे असा लिफाफा आलाच तर जाहिरात समजून त्यावर मिरच्या निवडत बसू नकोस. रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेतेस ना?

लोभ आहेच, तो रागावूनही कमी करू नये.
तुझी नोएमी


पोमोना,
१८ मार्च

चि. नोएमीस,
अनेक आशीर्वाद.

अगं, आला की तुझा कागद! आमच्या इमारतीत नऊच्या नऊ घरी आला. तुझी सही मी चष्मा पुसून दोनदा वाचली. मग सगळ्यांना अंगणात बोलावलं, कॉफी केली, गोड पाव आणला आणि बजावून सांगितलं की ही माझ्या बहिणीची मुलगी आहे, तिच्यापुढे रडगाणं गायचं नाही.

वरच्या मजल्यावरचे डॉन एवारिस्तो मोठे खट. महिनाअखेर जेवण चुकवावं लागतं का, या प्रश्नाला त्यांनी ‘बरेचदा’वर खूण केली. मी म्हटलं, अहो, लाज वाटत नाही का, पोरीला वाटेल मावशी भुक्कडांच्या वस्तीत राहते! बिचाऱ्यांनी मुकाट्याने खोडलं. नऊही घरांचं उत्तर एकच, ‘कधीच नाही’. तुझे साहेब खूश झाले पाहिजेत.

बाकी ठीक. गुरुवारची शिध्याची गाडी वेळेवर येते. तांदूळ, घेवडा, कधी मासळीचे डबे. गाडीवरची मुलगी लाघवी आहे, पण तुझ्याइतकी हुशार नाही.

माया आहेच.
तुझी मावशी


लॉस एंजेलिस,
२३ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. आकडे हाती आले. जिथे ओढाताण जास्त तिथे शिध्याच्या गाड्या पाठवायच्या, असं ठरलंय. तुमच्या भागातून वीसच कागद परत आले आणि त्यातले नऊ तुमच्या इमारतीचे. नकाशावर तुमचा भाग सुखवस्तू दिसतो. एक ऑक्टोबरपासून तुमची गुरुवारची गाडी बंद.

भरल्या सभेत तो नकाशा मीच दाखवला गं. वर हसत हसत सांगितलं की माझी मावशी इथेच राहते. खाली बसले आणि तुझं मार्चचं पत्र आठवलं. साहेबांना सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं, आलेली उत्तरं बदलता येत नाहीत, पुढची मोजणी दोन वर्षांनी. मी भांडले, पण उपयोग झाला नाही.

तुझा राग आलाय, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त माझा आलाय. ते पत्र वाचून मी पोट धरून हसले होते आणि मैत्रिणींनाही वाचून दाखवलं होतं. मोजणं हे माझं काम, आणि माझ्याच मावशीच्या ताटात काय आहे हे मी विचारलं नाही. आता विचारते. रात्री जेवतेस का? सहा तारखेला शनिवारी येते आहे.

तुझी,
नोएमी


पोमोना,
१ ऑक्टोबर

चि. नोएमीस,
आशीर्वाद.

विचारलंस म्हणून लिहिते. महिन्याचे शेवटचे दहा दिवस मी एकदाच जेवते, दुपारी. गोळ्या अर्ध्या करून घेते. वरच्या डॉन एवारिस्तोंचंही तसंच चालतं, आणि हे मला मार्चमध्येही ठाऊक होतं.

गाडीवरच्या मुलीला मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. परक्या माणसाचा कागद असता ना, तर त्यावरही खरंच लिहिलं असतं. तुझं नाव दिसलं आणि हात वळेना. शिकवून मोठी केली त्या पोरीला काय लिहायचं, की मी उपाशी झोपते?

काल बाकीची आठही दारं वाजवून सगळ्यांची माफी मागितली. डॉन एवारिस्तोंनी उलट मलाच बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले की सही इतकी सुरेख होती, कुणालाही भूल पडली असती. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं गं.

तू रडत बसू नकोस. चूक माझी आहे, शिकल्यासवरल्या माणसाची नव्हे.

शनिवारी नक्की ये. येताना काही आणू नकोस, असं लिहायला घेतलं होतं, ते खोडलंय. तांदूळ आण. जरा जास्त आण, वरच्या मजल्यावरही द्यायचेत.

तुझी,
मावशी